नळाचं पहिलं पाणी

हेडफोन लावून ऐकताय की एसटीत बसून हे वाचताय, कसंही चालेल. पण आधी एक काम करा. जवळ पाण्याचा ग्लास असेल तर त्याच्याकडं एकदा नीट बघा. स्वच्छ दिसतंय? वास नाही? चव नेहमीचीच? बरं. ग्लास बाजूला ठेवा, शेवटी परत त्याच्याकडं येऊ.

मी सास्तूरची. तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. बाहेर गावाचं नाव सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे किल्लारीच्या जवळ का?" हो, तेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण आमच्या घरात आजही काळ 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपाच्या नंतर' असाच मोजतात. आज मात्र विषय भूकंपाचा नाही, पाण्याचा आहे.

आणि पाण्याचं म्हणाल तर आमच्या भागाला एकच प्रश्न विचारायची सवय आहे: "पाणी आलं का?" २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आठवतंय ना? पहिल्या गाडीत दहा वॅगन होत्या, पाच लाख लिटर पाणी. अशा भागात नळाला पाणी आलं हाच सण असतो. "पाणी कसं आलं?" हा प्रश्न सुचायला पोटभर पाणी आधी मिळावं लागतं. मला तो प्रश्न सुचला तो एका आरओ विकणाऱ्या पोरामुळं.

मागच्या वर्षी ताई बाळंतपणाला माहेरी आली होती. दाजींची नोकरी पुण्यात, खोली लहान, म्हणून ती जरा जास्तच राहिली. बाळाचं उष्टावण आमच्याकडंच झालं. त्यानंतर ताईचा रोजचा नेम ठरला. पहाटे पाचला उठायचं, स्वयंपाकघरातल्या नळाचं भांडंभर पाणी घ्यायचं आणि बाळासाठी भाताची पेज शिजायला ठेवायची. घर उठायच्या आत पेज तयार. ही पहाटे पाचची वेळ लक्षात ठेवा.

एक दिवस तो पोरगा आला. टाय, बॅग, गोड बोलणं. त्यानं ओट्यावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. मग बॅगेतून सळया लावलेलं एक यंत्र काढलं, दोन्ही ग्लासांत बुडवलं आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत आमचं पाणी तपकिरी, त्यावर हिरवट काळा गाळ. त्याचं पाणी जसंच्या तसं. "बघा मावशी, हे रोज पिताय तुम्ही. शिसं, आर्सेनिक, सगळं बाहेर आलं." आजीनं पदर तोंडाला लावला. आईनं बाळाकडं बघितलं. हप्ता किती बसेल, इथपर्यंत बोलणं गेलं.

आता माझं थोडं सांगते. मी बीएस्सी केलंय. शिवाय जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देतात, त्या पाचांतली मी एक. त्यामुळं मला तो गाळ ओळखीचा वाटला. मी त्याच्या चांगल्या पाण्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणलं, "आता लाव यंत्र." तो नको नको म्हणत होता, पण आण्णांनीच बटण दाबलं. दोन मिनिटांत त्याचंही पाणी तपकिरी.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण तुमच्याही घरी कुणीतरी हा खेळ घेऊन येईल. त्या सळयांतली एक लोखंडी असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की सळईचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि तोच गंज गाळ होऊन दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि पाणी नितळ राहतं. म्हणजे तो घाण दाखवत नव्हता, स्वतःची सळई विरघळवून दाखवत होता.

पोरगा गेला. घरात हशा झाला. आण्णा दोन दिवस गल्लीत सांगत फिरले, "पोरीनं कंपनी पळवली."

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एक गोष्ट टोचायला लागली. त्याची तपासणी खोटी होती, हे मी सिद्ध केलं. आमचं पाणी चांगलं आहे, हे कुठं सिद्ध केलं? तो शिसं म्हणाला होता. आमच्या पाण्यात शिसं आहे की नाही, हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

सकाळी मी माझं किट काढलं. पीएच, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह, उरलेलं क्लोरीन. जंतूंसाठी वेगळी बाटली, पाणी वाईट असलं की तिच्यातलं पाणी काळं पडतं. हे सगळं फार कामाचं आहे, मी ते कमी लेखत नाही. आपल्याकडं पोरं आजारी पडतात ती जास्त करून जंतूंमुळंच. पण त्या यादीत शिसं नाही. गावाच्या पाण्याला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं ना, तेही बघतं ते उद्भवाजवळ गटार आहे का, गळती आहे का, टीसीएल वेळेवर पडतं का. धातूचा त्यात विषय नाही. आणि ऑनलाइन मिळणारा टीडीएसचा पेन? तो पाण्यातले एकूण क्षार सांगतो. आपल्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस चारशे, सहाशे असा येतो. शिशाची मर्यादा त्याच मापात आहे ०.०१. चारशेमध्ये शून्य दशांश शून्य एक! लग्नाच्या पंगतीत एक मुंगी येऊन गेली तर आचाऱ्याला कळेल का? तसंच.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणं पिण्याच्या पाण्यात एका लिटरला जास्तीत जास्त ०.०१ मिलीग्रॅम शिसं चालतं, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. त्या अख्ख्या टँकरात मिळून ०.१ ग्रॅम शिसं असलं की मर्यादा गाठली. भाजीत टाकतो ती मिठाची चिमूटसुद्धा त्याहून जड असते.

इतकं कडक का? कारण शिसं शरीराला फसवतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेतं, हाडांत साठवतं आणि ते वर्षानुवर्षं तिथं राहतं. बाई गरोदर राहिली की हाडांतलं कॅल्शियम बाळाकडं जातं, त्याच्यासोबत जुनं शिसंही जातं. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा चार ते पाच पट जास्त शिसं शोषतं, आणि पोटात लोह, कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. आपल्याकडं रक्त कमी असणं किती नेहमीचं आहे, तुम्हाला माहीतच आहे. परिणाम होतो तो मेंदूवर. मूल तापानं फणफणत नाही, उलट्या करत नाही. फक्त पुढं शाळेत त्याचं लक्ष लागत नाही, शिकणं जड जातं, आणि आपण म्हणतो, "कार्टं आळशी आहे." जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागं साधारण एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे.

सगळं पाण्यातून येतं असं मात्र नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडणं, जुना रंग, पिवळीजर्द दिसावी म्हणून हळदीत मिसळलेलं लेड क्रोमेट, कथिलात शिसं मिसळून केलेली भांड्यांची कल्हई, असे बरेच रस्ते आहेत. आणि हो, शिसपेनीत शिसं नसतं. ते ग्रॅफाइट असतं. लहानपणी चघळली असेल तर निवांत राहा.

मग पाण्यात शिसं येतं कुठून? आपल्या पायाखाली काळा पाषाण, बेसाल्ट. या खडकातून पाण्यात शिसं उतरणं ही नेहमीची गोष्ट नाही. शिसं बहुतेक वेळा वाटेत मिळतं. पितळी नळ आणि कॉक कापायला सोपे जावेत म्हणून पितळेत थोडं शिसं घालतात. जुन्या जीआय पाइपच्या जस्ताच्या थरात ते असू शकतं. पीव्हीसी पाइप टिकावा म्हणून त्यात शिशाचं स्टॅबिलायझर वापरायची पद्धत होती, ती बंद करायला केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नियम काढले. पण त्याआधीचे पाइप भिंतींत आहेतच. म्हणजे विहीर चांगली, टाकी चांगली, आणि शेवटच्या चार फुटांत घोळ, असं होऊ शकतं.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात नेमकं वाटेतच बिघडलं. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी नदीवरून घ्यायला सुरुवात झाली. ते पाणी पाइपांना खाणारं होतं आणि पाइप झिजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केलीच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं घराघरांत गेलं. लोक तक्रार करायचे, अधिकारी म्हणायचे पाणी सुरक्षित आहे. शेवटी लीअॅन वॉल्टर्स नावाच्या एका आईनं पिच्छा पुरवला, व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले प्राध्यापक मार्क एडवर्ड्स मदतीला आले, आणि २०१५ मध्ये गावकऱ्यांनी स्वतः अडीचशेहून जास्त घरांतल्या बाटल्या भरून दिल्या. त्याच सप्टेंबरात मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातलं वाढलेलं शिसं आकड्यांनिशी मांडलं. तेव्हा कुठं सरकार हललं. यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. तिथं सरकारी नमुने घेताना लोकांना आदल्या रात्री नळ सोडून ठेवायला सांगत. पाइपात साठलेलं पाणी त्यातच निघून जाई, आणि रिपोर्ट चांगला येई.

हे वाचलं आणि मला ताईची पहाट आठवली. रात्री दहा ते पहाटे पाच, सात तास पाणी नळात उभं. त्याचं पहिलंच भांडं बाळाच्या पेजेला.

मग मी बाटली भरायला निघाले आणि पहिली चूक केली. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळली, दुपारी नळ धो धो सोडला, बाटली भरली आणि प्रयोगशाळेत फोन लावला. पलीकडच्या माणसानं तीन प्रश्न विचारले: बाटली कसली, पाणी किती वेळ थांबलेलं होतं, नळ किती वेळ सोडला? माझी उत्तरं ऐकून म्हणाला, "हे पाणी झाडाला घाला."

तर नीट पद्धत ऐका, जमलं तर लिहून घ्या. एक, बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवा. धातूंसाठी बाटल्या आम्लानं धुतलेल्या असतात, आणि धातू बाटलीला चिकटून बसू नये म्हणून नमुन्यात आम्लही घालावं लागतं. ते काम प्रयोगशाळेवर सोडा, घरी आम्लाशी खेळू नका. दोन, रात्रभर, निदान सहा तास, तो नळ कुणीही उघडायचा नाही. तीन, सकाळी पहिलं एक लिटर पाणी थेट बाटलीत. आधी चूळ भरायची नाही, हात धुवायचा नाही. चार, नळ दोन-तीन मिनिटं सोडा, ते पाणी बादलीत धरा आणि मग दुसरी बाटली भरा. पाच, दोन्हींवर वेळ, नळ आणि 'पहिलं', 'दुसरं' लिहा. एका बाटलीवरून शिसं आहे की नाही एवढंच कळतं. दोन बाटल्यांवरून ते कुठून येतंय याचा अंदाज येतो. दोन्हींत असेल तर मामला मागचा, लाइनचा किंवा उद्भवाचा. फक्त पहिल्या बाटलीत असेल तर मामला तुमच्या नळाजवळचा.

कुठं द्यायची? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, आधी तिथं विचारा. विचारताना "पाणी तपासता का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर 'हो'च येईल. "शिसं तपासता का?" असं विचारा. खासगी ठिकाणी जायचं असेल तर एनएबीएल मान्यता बघा, आणि ती मान्यता पाण्यातल्या शिशासाठी आहे ना, हेही बघा.

माझ्या बाटल्या चुलतभावाबरोबर उमरग्याहून एसटीनं पुण्याला गेल्या. खर्च बाळाच्या हातावर पाहुण्यांनी ठेवलेल्या पैशांतून केला. ताई म्हणाली, "त्याचेच पैसे, त्याचंच पाणी."

रिपोर्ट मोबाइलवर आला. दुसरी बाटली: मर्यादेच्या आत. पहिली बाटली: मर्यादेच्या वर.

म्हणजे गावाचं पाणी दोषी नव्हतं. ग्रामपंचायतीवर ओरडायची सोय नव्हती. घोळ आमच्याच ओट्यावर होता. तो चकचकीत नळ आणि त्याच्या मागचा कॉक आण्णांनी बाळंतपणाच्या आधी स्वतः बसवला होता. लेकीला मागच्या अंगणातून हंडे आणायला लागू नयेत म्हणून. स्वस्तातला घेतला, कारण दवाखान्याला पैसे राखायचे होते.

सांगायचं कसं? मी दोन तास रिपोर्ट घेऊन फिरत होते. शेवटी संध्याकाळी अंगणात सांगितलं. आण्णा काही बोलले नाहीत. उठले, पाना आणला, मेन कॉक बंद केला आणि नळ काढायला लागले. आट्या घट्ट बसल्या होत्या. निघाल्यावर तो हातात धरून एवढंच म्हणाले, "मी चमक बघितली गं." ताई तिकडं रडत होती, की पेज तर मीच करायचे. त्या रात्री आमच्या घरात दोन माणसं स्वतःला दोष देत होती, आणि दोघांनीही जे केलं होतं ते मायेपोटी.

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला. त्यांनी बाळाचं रक्त शिशासाठी तपासायला लावलं. नमुना बाहेरगावी जातो, निकालाला आठ दिवस. ते आठ दिवस आजीनं देवापुढचा दिवा विझू दिला नाही. आकडा खाली आला. "औषधाची गरज नाही, पण तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. लोहाचे थेंब चुकवू नका," असं डॉक्टर म्हणाले. नवा नळ बसवल्यावर पंधरा दिवसांनी मी परत दोन बाटल्या भरल्या. दोन्ही मर्यादेच्या आत.

आता तुमच्यासाठी, आजपासून फुकटात करण्यासारखं. सकाळी स्वयंपाकाच्या नळाचं पहिलं पाणी पिऊ नका, शिजवायला घेऊ नका. ते वाया घालवायचंही नाही, आपल्याला ते परवडत नाही. भांड्यांना वापरा, झाडांना घाला. पाणी थोडं वाहू द्या, मग पिण्याचा माठ भरा. गीझरचं गरम पाणी स्वयंपाकाला घेऊ नका, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, शिसं मरत नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. तुरटी, टीसीएल, कपड्याची गाळणी यांचा त्यावर भरवसा नाही. चांगला आरओ शिसं काढतो, हे खरं आहे. पण ते पाणी पुढं पितळी नळातून नेऊ नका, क्षार काढलेलं पाणी धातूला जास्त खातं. आणि आधी तपासा, मग मशीन घ्या. आमचं काम एका नळात भागलं.

आणखी एक विनंती. एका घराचा रिपोर्ट गावाच्या ग्रुपवर "गावात विषारी पाणी" म्हणून टाकू नका. माझा रिपोर्ट माझ्या नळाचा आहे, शेजारच्याचा नाही. तसंच "शेजारी चांगलं आलं, म्हणजे आपलंही चांगलंच" असंही धरू नका. बांगलादेशात लोकांना जंतूंपासून वाचवायला लाखो कूपनलिका खोदल्या आणि पुढं कळलं की अनेकांत आर्सेनिक आहे. मग जवळपास पन्नास लाख कूपनलिका एकेक करून तपासल्या आणि तोंडाला रंग दिला: लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. एकाच गल्लीत लाल आणि हिरवी शेजारी शेजारी निघाली. म्हणून एकेक करूनच तपासायचं असतं.

ही गोष्ट मी आमच्या पाचजणींच्या बैठकीत सांगितली. एक काकू म्हणाल्या, "तुमच्या घरी शिकलेली पोरगी होती म्हणून कळलं. अंगणवाडीचा नळ शनिवारी बंद होतो तो सोमवारीच उघडतो. सोमवारचं पहिलं पाणी कोण पितं?" कुणीच काही बोललं नाही. मग आम्ही ग्रामसभेत विषय मांडला. शाळा आणि अंगणवाडीच्या नळांच्या दोन-दोन बाटल्या काढायचं ठरलंय. सोमवारी पहाटे मी तिथं असेन, पोरं यायच्या आधी. निकाल काय येईल मला माहीत नाही. चांगला आला तरी इथंच सांगेन, वाईट आला तरी इथंच.

आता तो बाजूला ठेवलेला ग्लास बघा. अजूनही स्वच्छ दिसतोय ना? आमचाही तसाच दिसत होता. आज रात्री झोपायच्या आधी घरात सगळ्यांना एवढंच सांगा, सकाळी नळाचं पहिलं पाणी तुळशीला.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.